बाप, मास्तर आणि बोर्डिंग

'बोर्डिंग' हा शब्द इंग्रजांच्या घरून आपल्याकडे आला खरा. परंतु सातारा-कोल्हापूरच्या बाजूला पोचेतो त्याने अंगावरचा कोट काढून ठेवला आणि धोतर नेसले. इंग्लंड-अमेरिकेत ज्याला बोर्डिंगची शाळा म्हणतात ती बहुतकरून श्रीमंतांच्या मुलांची. बापाजवळ पैसा असतो, तो भरून बाप मुलाला शिस्तीच्या हवाली करतो आणि निर्धास्त होतो. आमच्याकडे मुलगा बोर्डिंगात जाई तो बापाजवळ पैसा नसे म्हणून. गावात चौथीपुढे शाळा नाही, रोज चार कोस जाऊन-येऊन शिकणे होत नाही, आणि पोराचे डोके तर बरे आहे असे मास्तर म्हणतात. अशा पोराने पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन तालुक्याच्या गावी यायचे. जोंधळ्याची भाकरी, पाण्याशी भावकी सांगणारी आमटी, संध्याकाळी प्रार्थना आणि कंदिलाभोवती गोल बसून अभ्यास. सुट्टीच्या दिवशी बागेला पाणी घालायचे, विटा वाहायच्या, जमीन खणायची. त्यातूनच आमच्या जेवणाचा काही वाटा निघे.

ही वाट कोणी पाडली ते महाराष्ट्राला सांगायला नको. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. सगळ्या जातींची पोरे तिथे एका पंगतीला बसली. गांधीजींच्या हस्ते १९२७ साली त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. पोरांच्या पोटाला कमी पडू लागले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले. मी १९६२ साली ज्या बोर्डिंगात दाखल झालो ते याच वाटेने निघालेले, पण अगदी लहान. तीस-पस्तीस पोरे, दोन खोल्या आणि एक पडवी.

हे सारे इतक्या वर्षांनी लिहायला बसलो याचे कारण एक अमेरिकन चित्रपट. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो आम्ही घरी पाहिला. 'डेड पोएट्स सोसायटी' हे त्याचे नाव. मराठीत 'मृत कवींचे मंडळ' म्हणता येईल, पण असले नाव सांगितले तर फराळाचे ताट हातात घेऊन कोणी पाहायला बसणार नाही. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही मास्तर होतात ना? बघा तरी. तुम्हाला आवडेल." नातू बारावीला. त्याच्या खोलीत पुस्तकांपेक्षा शिकवणीच्या क्लासच्या छापील गठ्ठ्यांची रास मोठी. एरवी तो मला काही पाहा म्हणून आग्रह करीत नाही. तेव्हा या आग्रहामागे मजशिवाय दुसऱ्याही कोणी तो पाहावा असा हेतू असावा, हे माझ्या ध्यानात आले होते. त्याचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, बाजूच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. चित्रपट सुरू झाला आणि थोड्या वेळाने ते वर्तमानपत्र मांडीवर आले.

चित्रपट १९८९ सालचा. दिग्दर्शक पीटर वेअर हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. कथा-पटकथा टॉम शुलमन यांची, आणि तिला त्या वर्षीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. शुलमन लहानपणी नॅशव्हिल गावी मुलग्यांच्या एका शाळेत शिकले. तिथे त्यांना सॅम्युएल पिकरिंग नावाचे शिक्षक लाभले; त्यांच्या आठवणीतून चित्रपटातला मास्तर उभा राहिला असे सांगतात. हे पिकरिंग पुढे कनेक्टिकट विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि लघुनिबंधकार म्हणून नावाजले. आमच्या जातीचेच गृहस्थ म्हणायचे! मास्तराचे काम केले आहे रॉबिन विल्यम्स या नटाने. मूळचा हसवणारा नट. २०१४ सालच्या ऑगस्टात तो गेला, तोही स्वतःच्या हाताने. हे ठाऊक असले म्हणजे चित्रपटातले काही प्रसंग पाहताना आज अधिकच जड वाटतात.

गोष्ट घडते व्हर्माँट राज्यातल्या वेल्टन नावाच्या कल्पित शाळेत. साल १९५९. शाळेला शंभर वर्षे झाली आहेत. बॅगपाइप वाजत आहेत, मुले निशाणे घेऊन चालली आहेत, मेणबत्तीने मेणबत्ती पेटवून ज्ञानाचा दिवा पुढच्या पिढीच्या हाती दिला जात आहे. हेडमास्तर विचारतात, शाळेचे चार खांब कोणते? मुले उभी राहून एका सुरात सांगतात: परंपरा, सन्मान, शिस्त, श्रेष्ठता. पुढे खोलीत गेल्यावर हीच मुले त्या चार खांबांची यथेच्छ टिंगल करतात आणि वेल्टनला 'हेल्टन', म्हणजे नरकाच्या घरचे नाव ठेवतात. जगातली सगळी बोर्डिंगे इथे एक होतात. आमच्या भिंतीवर स्वावलंबनाचे एक वचन मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते आणि झाडू हातात घेतला की आम्ही त्याचे काय काय करीत होतो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

१९५९ हे साल पाहून मी मनाशी थबकलो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कर्मवीर भाऊराव गेले. तिकडे श्रीमंत पोरे मेणबत्त्या पेटवीत होती अशी ही कथा, आणि इकडे खेड्याखेड्यांतली पोरे एका माणसासाठी रडत होती ही खरीच गोष्ट.

तर या वेल्टनमध्ये जॉन कीटिंग नावाचे नवे इंग्रजीचे मास्तर येतात. पहिल्याच तासाला शीळ घालीत वर्गातून चालत बाहेर जातात आणि मुलांना जुन्या विद्यार्थ्यांच्या फोटोंपुढे उभे करतात. हे चेहरे तुमच्यासारखेच होते, आता ते मातीत आहेत. तेव्हा हाती आहे तो दिवस कारणी लावा, असा त्यांचा उपदेश. पुढच्या तासाला पाठ्यपुस्तकाची प्रस्तावना निघते. तिच्यात एका पंडिताने कवितेचे मोल आलेखावर मोजायची रीत सांगितली आहे: एका रेघेवर कवितेची सफाई, दुसरीवर तिचे महत्त्व, आणि मधले क्षेत्रफळ म्हणजे तिचा मोठेपणा. कीटिंग मुलांना ती पाने फाडायला लावतात. आमच्या नातवाने इथे टाळी वाजवली. मीही मनातल्या मनात वाजवली. 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' या पाच गुणांच्या प्रश्नाने किती कवितांचा जीव घेतला आहे हे चौतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला विचारा. तरीपण खरे सांगतो, पाने फाडायला मी लावली नसती. आमच्याकडे एक पुस्तक तीन भावंडांना पुरवायचे असते.

आम्हाला मराठी शिकवणारे सर कोणत्याच टेबलावर चढले नाहीत. चढणार कसे? वर्गात टेबल एकच, आणि त्याचाही एक पाय विटेवर. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, टोपीवर खडूची पूड. त्यांची रीत साधी होती. कविता तीनदा मोठ्याने म्हटल्याशिवाय तिचा अर्थ म्हणून सांगायचा नाही. पहिल्यांदा ते म्हणत, दुसऱ्यांदा आम्ही, आणि तिसऱ्यांदा ज्याला वाचताच येत नाही असा एखादा पोर. तो अडखळे. सर खिडकीबाहेर पाहत उभे राहत. पोर शेवटच्या ओळीपर्यंत पोचला की म्हणत, "आता अर्थ सांगायचा काही राहिला आहे का?" कीटिंगही टॉड नावाच्या एका मुखदुर्बळ मुलाला असेच उभे करतात, त्याचे डोळे झाकतात, त्याला गरगर फिरवतात आणि त्याच्या तोंडून कविता काढतात. त्या प्रसंगाला माझे डोळे भरून आले. मास्तराच्या आयुष्यातले खरे सुख म्हटले तर एवढेच.

परंतु चित्रपटाचा गाभा वर्गात नाही. तो नील पेरी नावाच्या मुलाच्या घरी आहे. नील हुशार, सगळ्यांचा लाडका. त्याला नाटकाचे वेड लागते. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधले पक या खोडकर यक्षाचे काम त्याला मिळते. वडिलांनी पुढचे सारे ठरवून ठेवलेले: हार्वर्ड आणि नंतर डॉक्टरी. नील वडिलांच्या नावाने परवानगीची खोटी चिठ्ठी लिहितो. वडिलांना कळते, ते येऊन नाटक सोडायला बजावतात. नील मास्तरांकडे जातो. मास्तर एकच गोष्ट सांगतात: हे जे तू मला सांगतो आहेस ते वडिलांना सांग. दुसऱ्या दिवशी नील सांगतो की बोललो, त्यांनी ऐकले. ते खोटे असते. नाटक होते, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि वडील त्याला गाडीत घालून घरी नेतात. उद्यापासून ही शाळा बंद, लष्करी शाळेत जायचे. काय वाटते ते सांग, असे वडील म्हणतातही. पण ज्या सुरात म्हणतात त्या सुराला उत्तर देता येत नाही. काही नाही, असे म्हणून नील खाली बसतो. त्या रात्री बाहेर बर्फ पडलेले असते. वडील निजण्यापूर्वी आपल्या सपाता पलंगाशेजारी काढतात आणि त्या सरळ रेषेत नीट जुळवून ठेवतात. थोड्या वेळाने नील वडिलांच्याच पिस्तुलाने आपले आयुष्य संपवतो.

चित्रपट संपल्यावर आमच्याकडे कोणी बोलेना. सूनबाई उठून ताटे आवरू लागल्या. मग चिरंजीव माझ्याकडे वळून म्हणाले, "अण्णा, त्या बापाचं चुकलं काय? गरिबीतून वर आलेला माणूस. पोरानं घसरू नये एवढंच त्याला वाटत होतं."

प्रश्न रास्त होता. चित्रपटातही नील एकदा म्हणतो की आमचे घर इतर मुलांसारखे पैशाचे नाही. त्या बापाला मी खलपुरुष मानायला तयार नाही. सपाता जुळवून ठेवणारा माणूस मी शेकड्यांनी पाहिला आहे. ज्याने आयुष्यात काहीच आपोआप मिळवले नाही, त्याला कुठलीही वस्तू वाकडी पडलेली सोसत नाही. पोराचे आयुष्य ही तर त्याची सगळ्यांत महागाची वस्तू. त्याचे प्रेम खोटे नव्हते. फक्त त्या प्रेमाला कान नव्हते.

आणि मास्तराचे काय? शाळेने सारे खापर त्यांच्या माथी फोडले. मुलांना एकेक करून बोलावून, आईबापांना शेजारी बसवून, कागदावर सह्या घेतल्या. हा अन्यायच. मास्तरांनी पोराला योग्य तेच सांगितले होते. पण मी जो विचार करीत राहिलो तो वेगळाच. त्या साऱ्या गोष्टीत मास्तर आणि बाप हे दोघे निवांत समोरासमोर बसलेले मला कुठेच दिसले नाहीत. नाटकाच्या रात्री बाहेर अंधारात दोघांची गाठ पडते ती, माझ्या मुलापासून दूर राहा, एवढे ऐकण्यापुरती. दोघांचेही त्या मुलावर प्रेम आणि दोघांच्या मध्ये रस्ताच नाही. सगळे अंतर त्या सतरा वर्षांच्या पोराने एकट्याने चालायचे. त्याच्याने ते झाले नाही.

इथे मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली पाहिजे. मॅट्रिकच्या वर्षी परीक्षेला सव्वा महिना उरला असता आबांचा पाय मोडला. बैलाने ढकलले आणि ते बांधावरून पडले. शाळू काढणीला आलेला, घरात करते हात आईचे तेवढे. चुलते बोर्डिंगात आले आणि मला म्हणाले, "चल घरी. परीक्षा काय, पुढल्या साली देता येती." पुढल्या साली म्हणजे कधीच नाही, हे मलाही ठाऊक होते आणि त्यांनाही. मी ट्रंक भरली. आबांना विरोध करायचा ही कल्पनासुद्धा माझ्या डोक्यात आली नाही. पीक उभे होते. त्यापुढे व्याकरण काय बोलणार?

सरांनी चुलत्यांना चहा पाजला, मला त्यांच्याबरोबर जाऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, सायकल हातात धरून सहा पोरांसह आमच्या गावी हजर झाले. सहा पोरे पायी, म्हणून सरही पायी. आबा पडवीत बाजेवर पडलेले. सर त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. शिक्षणाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. बैल कोणत्या बाजारातला, विहिरीला पाणी किती, पाय कोणी बसवला, याच चौकश्या. तोवर पोरे विळे घेऊन रानात गेली होती. रात्री चांदण्यात आणि रविवारी दिवसभर काम झाले. पुढच्या रविवारी पुन्हा आली. ताटे काढली, पेंढ्या बांधल्या, कणसे खुडून खळ्यात आणून टाकली. निघताना सर एवढेच म्हणाले, "आबा, तुमचं पीक आम्ही काढलं. आता माझं पीक तुमच्याकडं अडकलंय. तेवढं मला नेऊ द्या."

आबा हसले. आबांना मी क्वचितच हसताना पाहिले होते. ते मला म्हणाले, "जा. मास्तरांचं ऐक." मी परीक्षेला बसलो.

सरांनी मला कवितेची गोडी लावली, हे खरे. पण त्यांचे मोठेपण मला विचाराल तर ते त्या पोत्यावर बसण्यात होते. पोराच्या मनात पेटवलेली ज्योत बापाच्या घरात नेऊन ठेवायची तर उंबऱ्यावर वाकावे लागते, आणि ते पोराने वाकून भागत नाही.

आपल्याकडचा या जातीचा चित्रपट आठवून पाहा. २००७ सालचा 'तारे जमीं पर'. लेखन अमोल गुप्ते यांचे, दिग्दर्शन आमीर खान यांचे. तीही बोर्डिंगचीच गोष्ट, आणि तिचे पुष्कळसे चित्रण पाचगणीच्या न्यू एरा शाळेत झालेले. अक्षरे उलटीसुलटी दिसणारा लहानगा ईशान, आणि त्याला समजून घेणारे चित्रकलेचे निकुंभ सर. पण निकुंभ सर मुलाला समजून घेण्यापाशी थांबत नाहीत. ते उठून मुंबईला त्याच्या घरी जातात, त्याच्या वह्या उघडून आईबापांना दाखवतात, आणि बापाची बोलणी ऐकून घेऊन त्याला उत्तरही देतात. हे मला फार आपल्या मातीतले वाटले. आपल्या मास्तराचा वर्ग पोराच्या ओसरीपर्यंत पसरलेला असतो.

मी स्वतः मास्तर झाल्यावर पुष्कळ ओसऱ्या पाहिल्या. सगळीकडे आबा भेटत नाहीत. नववीतली एक मुलगी निबंध असा लिही की मी तो दोनदा वाची. एकदा तपासायला आणि एकदा स्वतःसाठी. तिचे लग्न ठरल्याचे कळले तेव्हा तिच्या घरी तीनदा गेलो. तिन्ही वेळा चहा मिळाला, मान मिळाला, तिसऱ्यांदा लग्नाची पत्रिकाही मिळाली. मुलगी शाळेत परत आली नाही. तेव्हा पोत्यावर बसले की पीक हाती येतेच असे कोणी समजू नये. एवढेच की बसल्यावाचून येण्याची आशा नसते.

आमच्या चिरंजिवांना त्या रात्री मी यातले बरेचसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. चहाच्या वेळी त्यांनी मुलाला विचारले, "तुझ्या मनात काय आहे ते सांग. मी मध्ये बोलणार नाही." नातवाने माझ्याकडे पाहिले. मी चकलीकडे पाहिले. मग तो म्हणाला, "बाबा, मला इंजिनियर व्हायचं नाही. मला इतिहास शिकायचाय." चिरंजिवांचा चेहरा पडला, पण त्यांनी शब्द पाळला. पाच मिनिटे मध्ये बोलले नाहीत. माझ्या माहितीत हा त्यांचा उच्चांक आहे.

यानंतर सारे गोड झाले असे मी लिहिले तर ती दिवाळी अंकाची कथा होईल. तसे काही झाले नाही. नातवाने प्रवेशपरीक्षा दिली आणि कलाशाखेचा अर्जही भरला. इतिहास शिकून खाणार काय, हा प्रश्न बाप विचारतो. इंजिनियर होऊन तरी सगळे कुठे खातात, असे पोर म्हणते. वाद अजून चालू आहे. पण तो जेवायच्या टेबलावर, दिव्याच्या उजेडात, मोठ्या आवाजात चालतो. रात्री उशिरा पाणी प्यायला उठलो आणि दोघांचा आवाज कानी आला, की मला मोठे समाधान वाटते. ज्या घरात पोर बापाशी भांडते त्या घरातल्या माणसांनी निर्धास्त निजावे.

जेम्स हिल्टन यांच्या १९३४ सालच्या कादंबरिकेवरून १९३९ साली 'गुडबाय, मिस्टर चिप्स' निघाला. त्यातले म्हातारे चिप्स ब्रुकफील्डच्या बोर्डिंगात पिढ्यान्‌पिढ्या मुले शिकवीत राहतात. रॉबर्ट डोनॅट यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळाले. कीटिंग एका वर्षातच जातात, चिप्स आयुष्यभर राहतात. मास्तरांचे हे दोन वंश आहेत. कीटिंगच्या वंशातला मास्तर मुलांना जन्मभर आठवतो. चिप्सच्या वंशातल्या मास्तराला मुले जन्मभर आठवतात. मी दुसऱ्या वंशातला.

म्हणून असेल, चित्रपटाचा शेवट मी इतरांहून थोडा निराळा पाहिला. कीटिंग आपले सामान न्यायला वर्गात येतात. त्यांच्या जागी हेडमास्तर शिकवीत असतात, आणि ती फाडलेली प्रस्तावनाच वाचायला सांगत असतात. तेवढ्यात तो मुखदुर्बळ टॉड बाकावर चढून उभा राहतो आणि मास्तरांना त्यांच्या लाडक्या नावाने 'कॅप्टन' म्हणून हाक मारतो. मागोमाग एकेक मुलगा उभा राहतो. सगळे जग त्या उभ्या मुलांकडे पाहून रडले. माझी नजर मात्र खाली बसून राहिलेल्यांवर गेली. ती काही थोडी नव्हती. माना घालून, वहीत डोळे खुपसून बसलेली. कोणी भ्यालेला, कोणाला बापाचा चेहरा आठवलेला, कोणाला मनापासून उठावेसे वाटून पाय न उचललेला. माझ्या वर्गात अशांचीच भरती अधिक असे. त्यांच्यातलाच कोणी वीस वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटतो, हातातली पिशवी खाली ठेवून पाया पडतो आणि कधी काळी वर्गात म्हटलेली कविता पुरी म्हणून दाखवतो.

कीटिंग दारातून वळतात आणि मुलांचे आभार मानतात. ते कोणाचेही नाव घेत नाहीत. उभे राहिलेल्यांचे आभार, असेही म्हणत नाहीत. ते सगळ्या वर्गाचे आभार मानतात. तेवढ्या एका गोष्टीवरून मी ओळखले की हा मनुष्य खरा मास्तर आहे.